टाचणीवर लक्ष

टाचणीने पोस्टमास्तरांना कात्रीने भोसकलं, ही बातमी गल्लीच्या वरच्या टोकाला पोचली तेव्हा पोस्टमास्तर खालच्या टोकाला आपल्या पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. बातमी बेकरीपाशी आली तोवर कात्रीची लांबी वाढली होती. वकिलांच्या दारापर्यंत रक्त पायऱ्यांवरून ओघळलं होतं. पुढे, आधी अँब्युलन्सला फोन करायचा की मास्तरांच्या मुलीला, यावर दोन तट पडले आणि मुलीचा तट जिंकला. मुलीने रडत रडत वडिलांचा नंबर लावला. "मला?" मास्तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" आणि त्या गडबडीत बिस्किट मोडून चहात गेलं. त्या दिवशी गल्लीत खरोखरचं नुकसान झालं ते एवढंच.

घडलं होतं ते असं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मास्तरांच्या पोटाला मात्र बढती मिळत होती, आणि त्यांची राखाडी पँट कमरेत सैल करायची होती. टाचणी जमिनीवर गुडघे टेकून, ओठांत टाचण्या धरून खुणा करत होती. हलायचं नाही, अशी ताकीद मास्तरांना दिलेली होती. पण मास्तर आले होते ते पँटीसाठी नव्हेच. त्यांचा डोळा होता मशीनच्या बाजूच्या फळीवर, जिथे टाचणीची गोळ्यांची डबी असते. सकाळचा कप्पा रिकामा आहे की भरलेला, हे बघायला ते जरा तिरके वाकले आणि तिच्या हातातली टाचणी जिथे जायला नको होती तिथे गेली. मास्तरांचं ओरडणं म्हणजे कारखान्याचा भोंगाच. टाचणीने ओठ न उघडता एवढंच म्हटलं, "हलू नका म्हटलं होतं." कात्री त्या वेळी टेबलावर चिंध्यांच्या ढिगाखाली निवांत पडली होती.

आता प्रश्न असा, की एका भल्या गृहस्थाला दुसऱ्याच्या गोळ्यांची डबी बघायला वाकावंसं का वाटावं? तिथेच तर सगळी गोम आहे.

टाचणी हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. ते सरकारी कागदांवर आहे आणि तिथेच सुखाने नांदतंय. अंगाने काडी, केस घट्ट मागे ओढून बांधलेले, त्यामुळे डोकं गोल गुळगुळीत. बोलणं कमी, पण बोलली की टोचलंच. नवीन कपडे ती शिवत नाही. लोकांचे शिवलेले कपडे सैल कर, आवळ, आखूड कर, चेन बदल, अस्तर लाव, हे तिचं काम. त्यामुळे गल्लीत कोणाची कंबर कुठल्या दिशेने निघाली आहे, हे डॉक्टरांच्या आधी तिला कळतं. बेकरीवाल्या मावशींचा झगा एकदा तिसऱ्यांदा सैल करायला आला, तेव्हा तिने शिवण उलटी करून दाखवली. "मावशी, इथे सोडायला आता कापड उरलं नाही. आता दुकान तरी बंद करा नाहीतर तोंड तरी." मावशी आठवडाभर रुसल्या आणि मग झगा घेऊन चौथ्यांदा आल्या.

ती राहते भावाच्या घराच्या मागच्या खोलीत. खोली एकच, पण तिला बोळात उघडणारं स्वतःचं दार आहे. पुढच्या खिडकीतून गल्ली दिसते, मागच्या झरोक्यातून वहिनींची मोरी. आत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, खाट, भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांवर लोकांचे कपडे. आणि दाराला आतून कडी. ही कडी टाचणीच्या दृष्टीने खोलीतली सगळ्यात महाग वस्तू. कारण मोठ्या दवाखान्यात कडी बाहेरून असते.

मोठ्या दवाखान्यात ती दोनदा राहून आलेली. दुसऱ्या वेळची गोष्ट गल्ली अजून चवीने सांगते. आधी टाचणीला वाटायला लागलं की खुंटीवरचे कपडे तिच्याबद्दल आपापसांत बोलतात. मग तिची खात्री पटली की लोक कपडे शिवायला देतच नाहीत, तर अस्तरात काहीतरी दडवून तिच्या खोलीत ठेवून जातात, तिचं बोलणं ऐकायला. मग काय, एका दुपारी तिने खोलीतलं झाडून सगळं उसवलं. वकील कोट न्यायला आले तर बाह्या एका खुंटीवर, पाठ दुसरीवर, आणि कॉलर टाचणीच्या हातात, उजेडाकडे धरलेली. "ते माझ्यावर नजर ठेवून आहेत," ती वकिलांना म्हणाली. हेच वाक्य तिने भावाला सांगितलं, हेच डॉक्टरांना. हेच वाक्य तिला गाडीत बसवून घेऊन गेलं. (तो कोट तिने परत आल्यावर पुन्हा शिवून दिला. वकील खासगीत कबूल करतात की आता तो खांद्यात जास्त बरा बसतो. पण घालायच्या आधी अजून झटकून बघतात.)

या वेळी ती परत आली ती नव्या व्यवस्थेत. माणसाला लांब नेऊन ठेवायचं नाही, घरातच राहू द्यायचं, काम करू द्यायचं, महिन्याला आरोग्य केंद्रात इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, आणि आठवड्याला केंद्रातून सिस्टर घरी येऊन बघून जाणार. सिस्टर म्हणजे एक ठेंगणी, भरभर चालणारी नर्सबाई. पायात बूट, खांद्याला झोळी, आणि प्रश्न विचारून झाला की उत्तरासाठी चक्क थांबायची सवय. गल्लीला अशी सवय नसल्यामुळे सगळे तिला जरा वचकून असत.

टाचणीचा दादा सावध माणूस. छापखान्यात कामाला, कागद वाया जाऊ नये म्हणून आयुष्यभर धास्तावलेला. कशालाही त्याचं एकच उत्तर, "बघू." बहीण घरी येणार म्हटल्यावरही तो म्हणाला, "बघू. जमलं तर जमलं. नाहीतर आहेच परत तिकडे." त्यातलं 'जमलं' सिस्टरने ऐकलं. टाचणीने 'नाहीतर' ऐकलं.

ती यायच्या आधी सिस्टरने दादाच्या पुढच्या खोलीत चार शेजारी गोळा केले आणि सांगितलं, "ताईंना काम द्या. नेहमीसारखं बोला. पाठीमागे कुजबुजू नका. आणि जरा लक्ष असू द्या." लोकांनी माना डोलावल्या. चहा झाला. घरी जाईतो पहिली तीन वाक्यं विरघळून गेली आणि शेवटचं तेवढं तळाशी राहिलं.

आता 'लक्ष असू द्या' हे आपण कोणाला म्हणतो? गॅसवर दूध ठेवून पाच मिनिटं बाहेर जाताना शेजारणीला म्हणतो. म्हणजे तू तुझं काम कर, फक्त उतू जायला लागलं तर बघ. पण पोस्टमास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांची पाकिटं उजेडात धरण्यात घालवलेला. त्यांच्या कानात गेलं, लक्ष ठेवा. आणि मास्तरांना काम मिळालं की ते नीट वाटून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सकाळची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली. दुपारची मावशींना दिली. संध्याकाळ वहिनींची. रात्री मात्र सगळे गाढ झोपत. गल्लीची काळजी कितीही मोठी असली तरी ती झोपेच्या आड येणारी नव्हती.

मास्तरांकडे एक सायकल आहे, तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलेलं नाही. ती ते रोज सकाळी टाचणीच्या खिडकीसमोर उभी करून पुसू लागले. पुसून पुसून मागच्या चाकाच्या तारांना ऊन लागलं की टाचणीच्या छतावर कवडसे नाचायचे. दुपारी मावशी, "उरला होता गं, म्हटलं तुला द्यावा," म्हणत पाव घेऊन यायच्या. पाव दारातून आत यायचा आणि मान त्याच्या पुढे. उशी चुरगळलेली आहे का, ताटलीत काही उरलंय का, ही अशी का बघतेय, सगळं एका नजरेत. आणि संध्याकाळी वहिनी मोरीत एकच पातेलं घासत बसायच्या, नजर झरोक्यात. त्या पातेल्याच्या बुडात आता तोंड बघून भांग पाडता आला असता.

टाचणीला हे कळायला पहिला दिवसही पुरा लागला नाही.

पण सांगणार कोणाला? सिस्टरला? 'ते माझ्यावर नजर ठेवून आहेत', हे वाक्य जिभेवर आलं तरी ती गिळून टाकायची. त्या वाक्याची पुढची वाट तिला पाठ होती. डॉक्टरांचं पेन चालायला लागतं, दादा 'नाहीतर'वर येतो, मग गाडी, मग बाहेरची कडी. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचाच तिच्यावर भरवसा नव्हता. मागच्या वेळीही असंच तर वाटलं होतं. अस्सं. मानेवर असंच कोणीतरी बसल्यासारखं.

सिस्टरने तिला एक शिकवलं होतं. शंका आली की तिला लगेच खरं म्हणायचं नाही आणि लगेच खोटंही म्हणायचं नाही. तपासायची. दुसरं काही कारण असेल का, ते बघायचं. टाचणीने प्रामाणिकपणे बघितलं. सायकल? माणसं सायकल पुसतात. पाव? उरतो. पातेलं? खालून लागलं असेल. तीनही उत्तरं चोख होती आणि तीनही उत्तरांवर तिचा काडीचा विश्वास बसला नाही.

शिवाय चौथा होता. करड्या शर्टातला, विजेच्या खांबाला टेकून उभा राहणारा. हात खिशात. तो खिडकीकडे कधीच बघत नसे. टाचणीच्या मते हीच त्याची लबाडी. बाकीचे तिघं निदान बघताना सापडत तरी होते.

तिघंही खोटे असतील, तर चौघंही तिच्या डोक्यातले, मग आपणहून दवाखाना गाठलेला बरा. चौघंही खरे असतील, तर ती शहाणी आणि गल्ली वेडी, पण हे ऐकणार कोण? आणि काही खरे, काही खोटे असतील, तर ते निवडायचे कसे?

ते तिला सुचलं हातातल्या कामावरून. एका शिक्षिकेचा ब्लाउज पाठीत ओढत होता आणि कुठली शिवण ओढतेय ते कळत नव्हतं. अशा वेळी सगळं उसवत बसायचं नसतं. ते तिने एकदा करून बघितलं होतं. अशा वेळी कच्चे टाके घालायचे, एका शिवणीला लाल दोरा, दुसरीला पिवळा, तिसरीला निळा. मग कपडा अंगावर चढवायचा, माणसाला हात वर करायला लावायचे, आणि कुठला रंग ताणतो ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ती मास्तरांना म्हणाली, "तुमचं बरंय मास्तर, सायकल पुसून भूक तरी लागत असेल. मला तर हल्ली जेवणच जात नाही." लाल दोरा. मास्तरांचा फडका जागच्या जागी थांबला.

दुपारी मावशींना, "पाव कशाला आणलात? मला झोप हवीय. डोळ्याला डोळा लागत नाही." पिवळा. मावशींची मान आणखी दोन बोटं लांब झाली.

संध्याकाळी झरोक्यातून वहिनींना, "वहिनी, या गोळ्या नकोशाच झाल्यात बघा." निळा. पातेल्याचा आवाज बंद.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. ती पोटभर जेवत होती, गाढ झोपत होती आणि गोळ्या वेळच्या वेळी घेत होती. चौथा जवळ येत नव्हता, तेव्हा त्याच्यासाठी ती गल्ली झोपल्यावर खिडकीत उभी राहून खांबाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "मी इथून जाणार आहे. कायमची. धाकट्या मावसबहिणीकडे." हिरवा दोरा. करडा शर्ट हलला नाही.

पुढे काय झालं ते अर्धं सांगून झालंच आहे. वहिनींनी गोळ्यांचं मास्तरांच्या कानावर घातलं, दुसऱ्या दिवशी मास्तर राखाडी पँट घेऊन डबी तपासायला आले, टोचून घेऊन परत गेले, आणि गल्लीने त्या टोचण्याला कात्री लावली. दादाला छापखान्यात फोन गेला. कोणाचा ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही, पण फोनमध्ये मागे पावाचे ट्रे आपटल्याचा आवाज येत होता असं दादा सांगतो. दादाने या वेळी 'बघू' म्हटलं नाही. त्याने सरळ केंद्रात फोन केला, "सिस्टर, घेऊन जा तिला. माझ्याच्याने नाही होत."

म्हणून आपला वार नसताना सिस्टर आली. बोळाच्या तोंडाशी केंद्राची गाडी उभी राहिली, इंजिन चालू. टाचणीने गाडीचा आवाज ओळखला. ती उठली, दाराची आतली कडी तिने काढली, एकदा लावून बघितली, पुन्हा काढली, आणि मशीनपाशी जाऊन बसली.

सिस्टर आत आली, मागोमाग दादा. बोळात मास्तर, मावशी आणि वहिनी. तिघांनाही नेमकं तिथूनच जायचं होतं.

"ताई," सिस्टर स्टुलावर बसत म्हणाली, "जेवण जात नाही म्हणे. झोप नाही. गोळ्या नकोशा झाल्यात. आणि आता हे."

लाल, पिवळा, निळा. तीनही दोरे एका हातात परत आले होते. टाचणीला हसू फुटणार होतं, पण एकटंच हसणं दवाखान्यात लिहून घेतात, म्हणून तिने ते दाबलं.

"कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. खरं आहे का?"

"जेवणाचं मास्तरांनी सांगितलं. झोपेचं मावशींनी. गोळ्यांचं वहिनींनी."

सिस्टरच्या भुवया वर गेल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

इथे टाचणी थांबली. खरं बोलावं तर ऐकायला ते वेडाहून वेडं. मी खोटं बोलले, मुद्दाम, एकेकाशी वेगळं, लोक माझ्यावर पहारा करतात का ते बघायला. हे कुठल्या शहाण्या माणसाने उभ्या जन्मात म्हटलंय? पण गाडीचं इंजिन चालू होतं आणि दुसरं काही हातात नव्हतं.

"कारण मी एकेकाला एकेकच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि तीनही खोटं. कच्चे टाके घातले होते."

"ऐका!" दादाने कपाळावर हात मारला. "म्हणजे हिला वाटतंय सगळे हिच्यावर नजर ठेवून आहेत. तेच सुरू झालं बघा, तेच!"

ते वाक्य शेवटी खोलीत आलंच. पण दादाच्या तोंडून आलं.

सिस्टर टाचणीकडे बघत राहिली, आणि टाचणी सिस्टरच्या झोळीकडे, कारण सुई त्या झोळीतच असते. मग सिस्टर उठली. डबी उघडून तिने कप्पे बघितले, सकाळपर्यंतचे सगळे रिकामे. झाकलेली ताटली उचलली, कोपऱ्यातला पावाचा ढीग बघितला, टाचणीच्या डोळ्यांखाली बोट लावून बघितलं. मग दारात जाऊन म्हणाली, "मास्तर, जरा इकडे या. तुम्ही ताईंच्या डबीत कशाला बघत होता?"

"म्हणजे काय?" मास्तर एक पाय अवघडून पुढे आले. "माझी पाळी होती."

"कसली पाळी?"

मावशींनी मास्तरांचा सदरा मागून ओढला, पण मास्तरांना आपलं काम सांगायची संधी बऱ्याच दिवसांनी मिळाली होती. "सकाळ माझ्याकडे, दुपार मावशींकडे, संध्याकाळ घरच्यांची. एक दिवस खाडा नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं ना," मावशी म्हणाल्या, "लक्ष ठेवा म्हणून."

"मी म्हटलं होतं, लक्ष असू द्या."

"मग तेच की!" मास्तर दुखावले. "आम्ही नुसतं असू दिलं नाही, चांगलं ठेवलं."

सिस्टर पायरीवर खाली बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं की हसावंसं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "अहो, दुधाकडे लक्ष असू द्या म्हटलं तर तुम्ही दुधाची झडती घेताय? ज्या बाईला माणसं आपल्यावर नजर ठेवतात असं वाटायचा आजार, तिच्यावर तुम्ही पाळ्या लावून नजर ठेवली?"

"पण ते तिला कळू नये अशी काळजी घेतली होती," मास्तर म्हणाले.

"सायकल पुसून?" आतून टाचणी म्हणाली. "आता त्या सायकलीचा रंग काय होता ते तरी आठवतंय का?"

मावशींना खुदकन हसू आलं. पण वहिनी हसल्या नाहीत. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "मला भीती वाटते हो," त्या एकदम म्हणाल्या. "वन्सं, मागच्या वेळी तुम्ही माझी उशीसुद्धा फाडलीत. मी तुमच्याशी बोलत होते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून दुसऱ्याच कोणाला तरी उत्तरं देत होतात. मी काय करू?"

"विचारायचं मला."

"विचारलं आणि तुम्ही खोटं सांगितलंत तर?"

आता गेल्याच संध्याकाळी झरोक्यातून वहिनींना जे सांगितलं होतं ते खोटंच होतं. टाचणीने मशीनचं चाक उगाच अर्धं फिरवलं. वहिनींनी डोळे पुसले, आणि पुसता पुसता एक नजर फळीवरच्या डबीकडे टाकलीच. सवय.

सिस्टर पुन्हा आत आली. दार तिने अर्धवट लोटलं. आवाज खाली आणून तिने विचारलं, "ताई, एवढे तिघंच? की आणखी कोणी आहे?"

हा प्रश्न टाचणीला नको होता. 'तिघंच' म्हटलं की काम फत्ते. तिघंही कबूल झालेले, ती खरी ठरलेली, गाडी रिकामी परत. सिस्टर मुद्दाम विचारतेय का? सापळा असेल का? आज पहिल्यांदा आपल्याला कोणी खरं म्हटलंय, आणि लगेच हा प्रश्न? तिने खिडकीतून बाहेर बघितलं. करडा शर्ट खांबाला टेकून उभा होता. हात खिशात. सिस्टरनेही तिच्या नजरेच्या दिशेने बघितलं. खांब बघितला, खांबाखाली झोपलेलं कुत्रं बघितलं, आणि परत टाचणीकडे बघितलं. उत्तरासाठी थांबली. तिची ती सवयच.

"चौथा आहे," टाचणी म्हणाली. "करड्या शर्टातला."

"बघा!" दादा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

सिस्टरने नुसता हात वर केला. "त्यालाही काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मी मावसबहिणीकडे जाणार म्हणून."

"मग?"

"मग काय? वर्षभर थांबलं तरी परत यायचं नाही ते. ना तुमच्याकडून, ना दादाकडून, ना वहिनींकडून. या गल्लीत तोंडात तीळ भिजत नाही, आणि ते तेवढं भिजलं." तिने बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला. "तेव्हाच कळलं मला."

"दिसतो अजून?"

"आत्ताही दिसतोय. बोलत नाही. उभा असतो."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तिघांचं सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता?"

सिस्टरने उघडी राहिलेली डबी बंद केली. मग ती दारात गेली आणि गाडीवाल्याला इंजिन बंद करायची खूण केली. "गुरुवारी डॉक्टरांना घेऊन मी इथे येते," ती दादाला म्हणाली. "चौथ्याबद्दल बोलू, गोळी बदलायची का तेही बघू. तोवर पाळ्या बंद. आणि ताईंबद्दल काही वाटलं तर आधी ताईंना विचारायचं, मग मला."

"म्हणजे ही इथेच?"

"इथेच."

दादाचं समाधान झालं नाही. कागद वाया जातोय असं दिसत असताना मशीन चालू ठेवायला सांगावं, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने खिडकीतून खांबाकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग परत खांबाकडे, जणू तिथे खरंच कोणी असलं तर आपण चुकायला नको.

"आणि तो चौथा?" तो म्हणाला. "त्याच्यावर कोण लक्ष ठेवणार?"

टाचणीने सुईत दोरा ओवला.

"तो माझा आहे दादा, त्याच्यासाठी मी गोळी घेते. बाहेरचे तिघं सिस्टरचे. त्यांना काय द्यायचं ते त्या बघतील."